होटगीच्या फाटकातला ब्रेक

माझा सासरा बिरप्पा रेल्वेत नेमका काय करतो, हे लग्न ठरवताना मला कुणी धड सांगितलंच न्हाय. "होटगीला रेल्वेत हायत," एवढंच. मला वाटलं, तिकिटं देत असतील. बरं झालं की! लग्न झाल्यावर कळलं, ह्यो माणूस बावीस वर्षं मालगाडीच्या डब्याखाली वाकून एकच काम करतोय. ब्रेक लागला का बघायचं, आणि लागलेला सुटला का तेबी बघायचं. दोन्ही झालं की हात वर करून ओरडायचं, "सुटला!" तोवर डायवर कितीबी शिट्ट्या मारू दे, गाडी जाग्यावरची हलत न्हाय.

आणि त्येच्या जावयाच्या मोटारसायकलीला ब्रेकच न्हाय! आता काय बोलावं?

मी भिमा. सोलापुरात नव्या पेठेच्या मागं माझं गॅरेज. दुसऱ्याच्या गाड्या ठणठणीत करून देतो, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. माझी गाडी लष्कराच्या लिलावातली विलायती, माझ्यापेक्षा वयानं मोठी. फुडच्या चाकाच्या ब्रेकचं डबडं पार झिजून गेलेलं आणि त्येचा भाग कुटं मिळायचा न्हाय. मागचा ब्रेक निस्ता नावाला. मी गिअर पाडून, पाय घासून गाडी थांबवायचो. चपलेचा जोड दोन महिनेबी टिकत नव्हता. पेठेतली माणसं लांबूनच आवाज वळखून बाजूला सरायची. उगं का लपवा, मला त्येची जरा घमेंडच हुती.

अठ्ठ्याहत्तर सालची दिवाळी. लग्नानंतरची पहिली. माहेरी गेलेल्या मायाक्काला, म्हंजे माझ्या बायकोला, आणायला मी होटगीला गेलो. येताना गाव संपलं की रेल्वेच्या फाटकाकडं उतार हाय. फाटक बंद हुतं. मला दिसत हुतं की! पण दिसून उपेग काय? गिअर पाडला, पाय घासले, एक चपल तितंच गेली.

"वाक!" मी वरडलो.

दोघंबी वाकलो आणि फाटकाच्या दांड्याखालनं सूऽऽ करून आत. रूळ वलांडले, पलीकडच्या दांड्याखालनं बाहेर, आणि मग मातीच्या ढिगात गाडी रुतली. मागनं मालगाडी धडधडत गेली. कपाळाला हात लावला तर घाम. मायाक्का अंगावरची माती झटकत म्हणली, "अवो, चपल राहिली."

आणि समोर हातात हातोडी घेऊन बिरप्पा उभा. समदं बघितलेलं त्येनं. मला वाटलं, आता शिव्यांची लाखोली. पण शिवी न्हाय का काय न्हाय. पोरीचं गठुडं काखेत मारलं, तिचा हात धरला आणि मला म्हणला, "पावणं, ब्रेक बसवा. मी तपासतो. मग पोरगी न्या."

दोन महिने! आमची आई, केराबाई, रोज सकाळी तोंड सोडायची. "मेल्या, भावकीत काय सांगू? गाडीला ब्रेक न्हाय म्हणून सून माहेरी हाय म्हणू?" मी काय गप बसलो न्हाय. तीन वेळा ब्रेक दुरुस्त करून होटगीला गेलो. बिरप्पा रस्त्यावर पांढऱ्या फक्कीची रेघ मारायचा आणि म्हणायचा, ह्या रेघंवर थांबवा. पहिल्यांदा दहा हात फुडं गेलो, मग सात हात, मग चार. "नापास," एवढंच बोलायचा आणि रेघ पायानं पुसायचा. मला असा राग यायचा! सासरा हाय का मास्तर? दारातनं मायाक्का बघायची, आणि रेघ पुसली की आत जायची. तिसऱ्या खेपंला तिनं दार जोरात आपटलं. माझ्यावर का बापावर, ते कळंना.

त्यात संक्रांत जवळ आली. पहिल्या संक्रांतीचं काळं लुगडं आईनं आणून ठेवलेलं. ते बघितलं की मला कसंतरीच व्हायचं.

अशात एक ट्रकवाला मुंबईच्या भंगारातनं मोडक्या जपानी मोटारसायकलीचं फुडचं चाक घेऊन आला. बघितलं, तर असला ब्रेक मी जल्मात बघितला नव्हता. चाकाला बाहेरनं पोलादाची ताटली आणि ती दोन्हीकडनं धरायला जाडजूड चिमटा. हँडलवरची दांडी दाबली की नळीतलं तेल खाली रेटतं, आणि तेलाच्या जोरावर चिमटा ताटली आवळतो. ट्रकवाला म्हणला, ताटलीला डिस्क म्हणतात आणि चिमट्याला कॅलिपर. म्हणलं, कायबी म्हणू देत, बायकू आणून दिली म्हंजे झालं.

पण घोडं अडलं बसवण्यात. चाक जपानी, गाडी विलायती, मिस्त्री सोलापुरी! जपानी चाकाचं भोक मोठं, माझा आस बारीक. कापड विणायच्या मागाचे भाग करणारा नरसय्या लेथवाला माझा दोस्त, त्येनं मधी बसवायला पितळी नळकांडं, म्हंजे बुश, कातून दिलं. कॅलिपर धरायला गाडीला जागाच नव्हती, तर मोडक्या मागाची लोखंडी पट्टी कापून, भोकं पाडून फुडच्या चाकाच्या दांडीला जोडली. चाक फिरवलं की ताटली चिमट्याला घासायची. वायसर घालून बघ, काढून बघ, आठ दिवस तेच. शेजारचा पानवाला रोज इचारायचा, "भिमा, चाकाला तवा लावला का रं? भाकरी कधी टाकतूस?" पानवाल्याला एकदा पाना फेकून मारला, मग गप झाला.

मागच्या ब्रेकलाबी नवी पट्टी मारली. आणि जायच्या दिवशी सकाळी बघतो तर नळीचा जोड गळका! निम्मं तेल फरशीवर. जोड आवळला, पण तेल कुटनं आणू? ब्रेकचं तेल इकणारा दुकानदार दुकानाला कुलूप लावून मोडनिंबला भाचीच्या बारशाला गेलेला. संक्रांत उद्यावर. मी म्हणलं, तेल ते तेल. घरात करडईच्या तेलाची बरणी हुतीच. एवढी भजी तळतंय, ब्रेक दाबणार न्हाय व्हय? टाकलं.

होटगीला गेलो तर बिरप्पानं ह्या वेळी रेघ मारली ती थेट फाटकासमोर, दांड्यापासनं हातभर अलीकडं. आणि फाटक बंद. ताटली बघून त्येनं बोट फिरवलं, वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणला, "रिकाम्या गाडीचा ब्रेक कुणाचाबी लागतोय. मागं वजन पायजे." आणि ज्वारीचं पोतं आणायला वळला.

तवर घराकडनं मायाक्का आली, काखंत गठुडं मारून. "पोतं कशाला? मी हाय की," म्हणली आणि आमच्या दोघांच्या तोंडाकडं न बघता मागं बसली.

बिरप्पाचं तोंड पांढरं पडलं. "उतर खाली," म्हणला.

"आबा, दोन महिने झालं. तुमी तपासताय, हे नापास हुत्यात, आणि घरात कोंडून मी! आज काय व्हायचं ते तिघांचंबी हुंदे."

खरं सांगतो, मला घाम फुटला. एकट्यानं दांड्यावर आपटणं येगळं. ह्या बाईनं गठुडं मांडीवर घेतलेलं, माझा सदरा मुठीत धरलेला. उतारावर वर गेलो, वळलो आणि सोडली गाडी. पलीकडं मालगाडीची शिट्टी झाली. फाटकाजवळ बिरप्पा हात पसरून उभा, जसा काय अंगावर घेऊन गाडी थांबवणार. मी देवाचं नाव घेतलं आणि दांडी दाबली.

थांबली! अशी थांबली की, मायाक्काचं कपाळ माझ्या पाठीवर आपटलं आणि माझं पोट टाकीवर. खाली बघितलं, तर चाक बरोबर रेघंवर. समोरनं मालगाडी गेली, एक एक डबा. बिरप्पा डबे मोजल्यागत बघत राहिला, आमच्याकडं बघंना.

फाटक उघडलं. मी गिअर टाकला. गाडी हलंना. इंजिन गुरगुरतंय आणि फुडचं चाक काय सुटंना! दांडी सोडली, पुन्हा दाबली, लाथ घातली. ताटली चिमट्यात घट्ट. मागं दोन बैलगाड्या आणि एक टेम्पो. "ए, हल की!" गाडीवान वरडाय लागले.

"लागतो," बिरप्पा म्हणला, "पर सुटत न्हाय. निम्मी पास."

माझं डोस्कं फिरलं. "मामा, बास झालं आता!"

मायाक्का मागनं म्हणली, "मी उतरणार न्हाय. सांगून ठेवते."

मला वाटलं, आता ह्यो पुन्हा गठुडं काखंत मारणार. बिरप्पानं पोरीकडं बघितलं. मग हातोडी खाली ठेवली, खाली वाकला आणि फुडचं चाक दोन्ही हातांनी उचललं. साठीला टेकलेला माणूस! मी मागनं रेटतोय, त्यो फुडनं चाक उचलून उलटा चालतोय, आणि मधी मायाक्का पालखीत बसल्यागत. असं आमी रूळ वलांडले. गाडीवान हसत हुते. हसू देत की.

पलीकडं गाडी टेकवली तशी मायाक्का खाली वाकली आणि तिनं नाक वाकडं केलं. "ह्यात करडईचं तेल वतलं हुतं का हो? तेलाची बरणी उन्हात राहिली की झाकण असंच चिकटतंय!"

मी टाकी पुसाय लागलो.

बिरप्पानं खिशातनं पाना काढला. डब्याचा ब्रेक अडकला की जोर कसा सोडवायचा हे त्येला कुणी शिकवायचं? कॅलिपरवरचा बारका स्क्रू ढिला केला, पिच् करून थेंबभर तेल उडालं आणि चाक फिरलं. स्क्रू आवळला. पाच वेळा दांडी दाबली, पाच वेळा सोडली. दर वेळी चाक धरलं, दर वेळी फिरलं.

"दुसऱ्या गिअरच्या वर जायचं न्हाय. उद्या हे तेल काढून टाकायचं. आणि मला कळवायचं," त्यो म्हणला.

मी गाडी चालू केली. मायाक्कानं सदरा धरला. बिरप्पा गाडीच्या मागं आला आणि बावीस वर्षं वरडतोय तसा एक हात वर करून वरडला, "सुटला!"

मी क्लच सोडला. गाडी हलंना. पुन्हा! मी शिव्या द्यायला तोंड उघडणार, तवर मायाक्का हळूच म्हणली, "आबा, हात."

मी मागं बघितलं. त्येचा दुसरा हात गाडीच्या मागच्या कॅरिअरला घट्ट धरलेला हुता.