इर्रिव्होकेबल म्हणजे काय, ताई

कोर्टात इंग्रजी कागदांचं मराठी करून मी आयुष्यभर पोट भरलं. परक्या माणसांना कठीण शब्द समजावताना माझा आवाज कधी चढला नाही. सख्ख्या मोठ्या बहिणीने मात्र एका शब्दापायी माझ्या तोंडाला फेस आणला.

शब्द होता इर्रिव्होकेबल. ताईचे गुडघे गेलेले, म्हणून तिच्या राहत्या घराचे व्यवहार तिच्या मुलाने बघावेत, असं कुलमुखत्यारपत्र करायचं ठरलं. माझी हरकत नव्हती. पण नोंदणी कचेरीच्या बाकावर बसून मसुदा चाळला, तर पहिल्याच ओळीत हे विशेषण ठाण मांडून बसलेलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"ताई, याचा अर्थ, एकदा दिलेला अधिकार तुला काढून घेता येणार नाही. उद्या त्याने घर विकायला काढलं, तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसशील."

"विकायला कशाला काढेल? मी राहते ना तिथे."

"काढेल असं नाही म्हणत मी. काढलं तर!"

"तुझं मेलं प्रत्येक गोष्टीत 'तर'."

भाचा समोरच फोन बघत उभा होता. "मावशी, वकिलांचा नमुनाच तसा असतो गं."

नमुना तसा असतो, हे खरंच. कुणा बिल्डरसाठी कधीकाळी केलेला कागद घ्यायचा, नावं बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. हे उद्योग मी चांगले ओळखून आहे. म्हणूनच म्हटलं, "मग खोडायला काय जातंय? शब्द खोडायचा, शेजारी सही करायची, झालं."

महाशयांना नेमका तेव्हाच फोन आला. बोलत बोलत ते पार दारापर्यंत गेले.

मी पुन्हा ताईकडे वळले. "हे बघ, किल्ली दिली तर परत मागता येते. तू कुलपासकट दारच देऊन टाकते आहेस. कळलं?"

"पंख्याखाली बस आधी. किती घाम आलाय तुला."

मी कपाळावर हात मारला. "अगं, जन्मभर पोरांना गणित शिकवलंस ना तू! एवढं कसं डोक्यात शिरत नाही?"

ताईने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पहिल्यांदा सांगितलंस तेव्हाच शिरलं. गेलं वर्षभर फिरकला नाही तो माझ्याकडे. हा कागद निघाल्यापासून रोज येतोय. चहा करतो, गोळ्या काढून देतो. शब्द खोड म्हटलं की उठून जाईल. मग?"

मला रागाने रडू यायला लागलं. 'मी आहे ना' म्हणावं, तर तेवढ्याने तिचं भागणार नव्हतं, हेही दिसत होतं.

पुकारा झाला. कारकुनाने विचारलं, "आजी, कागद समजलाय ना?"

"माझ्या बहिणीनेच समजावलाय," ताई ठणकावून म्हणाली आणि तिने सही ठोकली.

बाहेर आल्यावर भाच्याने कागद बॅगेत घातला. "मावशी, आईला तूच सोड हं. मला जरा घाई आहे." आम्ही काही बोलायच्या आत तो जिना उतरूनही गेला.

टॅक्सीत ताई खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "रविवारी येतो म्हणालाय."

तो निघाला तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते. तो तसं काहीच म्हणाला नव्हता.