नजरेनं केलेलं वजन

अतिदक्षता विभागातल्या आहारतज्ज्ञ बाई बारा वर्षं एकच काम करत होत्या. आलेला पेशंट आधीच किती खंगलाय, त्याचे खाण्यापिण्याचे हाल जिवावर बेततील का, हे ठरवून फॉर्म भरायचा. नियम साधा: वजन करा, घरच्यांना विचारा. पण बेशुद्ध माणसाचं वजन करायचं म्हणजे चौघांना हाका मारा, आणि घरच्यांना विचारायचं म्हणजे रडारड ऐका. एवढं कोण करत बसलंय! शिवाय बाईंची नजर तयार झाली होती ना! सात नंबरवरच्या म्हाताऱ्या मास्तरांना त्यांनी पलंगाच्या पायथ्यापासूनच पाहिलं. गाल गुबगुबीत, हात भरलेले. लिहिलं, ‘पंचाहत्तर किलो, धोका कमी.’ मग नळीतून अन्न सुरू व्हायला चार दिवस गेले तरी कुणी घाई केली नाही.

सहाव्या दिवशी अंगावरची सूज उतरली आणि खालून नुसती हाडं निघाली. सलाइनचं पाणी होतं ते, बाईंनी मांस म्हणून धरलेलं. त्याच सकाळी मास्तरांना व्हेंटिलेटरवरून काढून पाहिलं, तर दहा मिनिटांत धाप लागली. पुन्हा जोडावं लागलं.

“श्वास घ्यायचीही ताकद नाही,” मोठे डॉक्टर म्हणाले. “आणि इथे धोका कमी? कुणी भरलाय हा फॉर्म?”

“मी,” बाई म्हणाल्या. धरणीनं पोटात घ्यावं असं त्यांना झालं.

बाहेर मास्तरांची बायको भेटली. बाईंनी तोंड उघडायच्या आतच ती बोलू लागली, “मॅडम, माझंच चुकलं हो. दोन महिने यांना दोन घासांवर तिसरा जात नव्हता. सगळ्या विजारी मी कमरेत आत घेऊन शिवल्या. वाटलं, इथे एवढी यंत्रं, तुम्हाला कळलंच असेल. मीच सांगायला हवं होतं.”

नुसती मान डोलावली असती तरी निभावलं असतं. बाईंना मोह झाला, आणि त्या मोहाचीच त्यांना जास्त लाज वाटली.

“नाही काकू. विचारणं माझं काम होतं. मी न विचारताच लिहून टाकलं.”

काकू रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“रोज सकाळी तुम्ही आत जाताना मी उठून उभी राहायचे,” त्या म्हणाल्या. “वाटायचं, आज तरी काही विचारतील.”