चंद्र न दिसलेल्या दिवशीचा स्लॅब

"नाही दिसला चंद्र, हाज्जा! उद्याही रोजा, ईद परवा," मुकादम अब्दुल-बारी जिन्यातूनच ओरडला. "टीव्हीवर सांगितलं आत्ता."

तिसऱ्या मजल्याच्या भिंती उभ्या होत्या. वर सेंटरिंगच्या फळ्या ठोकून, सळया बांधून तयार. हज करून आल्यापासून सगळे जिला हाज्जा म्हणत, त्या इन्शिराहनं आभाळाकडे असं पाहिलं, जणू शब्द फिरवणारा व्याहीच समोर उभा आहे.

अलेक्झांड्रियाच्या त्या वस्तीत परवाना मागायला कुणी जात नसे. ईदला नगरपालिकेला कुलूप लागलं की गल्लोगल्ली मिक्सर घरघरायचे. साहेब सुट्टीवरून येईतो स्लॅब दगड झालेला असायचा. खालचे दोन मजले हाज्जानं असेच चढवले होते. तिसरा धाकट्या मुलाचा, तलअतचा. त्याच्या होणाऱ्या सासऱ्यानं बजावलं होतं : ईदला डोक्यावर छप्पर दाखवा, नाहीतर जावई आमच्या घरी राहील, तिकडे तांता शहरात.

"दोन दिवस थांबू या की," तलअत म्हणाला.

"मिक्सर उद्याचाच आहे," मुकादम म्हणाला. "परवापासून दुसरीकडे लागतोय. मग पंधरा दिवस नाव काढू नका."

"आई, उद्या ऑफिस उघडं असेल गं!"

"असू दे. उपाशीपोटी तीन जिने कोण चढतंय? तो साहेब? त्याला भरल्या पोटीही धाप लागते. टाका स्लॅब!"

दुसऱ्या दिवशी कोरड्या ओठांची माणसं घमेली वाहत राहिली. दुपार कलताना स्लॅब भरला. हाज्जा शिडीनं वर चढली. ओलं काँक्रीट तळ्यासारखं चकाकत होतं. समुद्राकडून वारा येत होता. उपासानं हलकी झालेली तिची नजर त्या तळ्यावर तरंगू लागली. खाली इथं पलंग येईल, तिथं सुनेची चूल. मग तिला तिचा मेलेला नवरा दिसला. चपला हातात घेऊन तो त्या ओल्या काँक्रीटवरून सावकाश चालत होता, आणि पावलं उमटत नव्हती. "जपून हो," ती पुटपुटली.

जिन्यात धाप ऐकू आली.

साहेबच होता. भिंतीला टेकून त्यानं कपाळ पुसलं.

"आजच कसं सुचलं तुम्हाला?" हाज्जानं वरूनच विचारलं.

"घरी बायको ईदची बिस्किटं भाजतेय, हाज्जा. वासानं जीव कासावीस झाला, म्हणून बाहेर पडलो." त्यानं वही काढली. "उद्या झाला असता स्लॅब, तर मी आलोही नसतो." त्याला खरंच वाईट वाटत होतं.

सेंटरिंग निघाल्यावर नगरपालिकेची दोन माणसं यंत्र घेऊन आली. अख्खं छप्पर पाडत नाहीत. मधोमध मोठं भोक पाडतात, म्हणजे राहता येत नाही. हाज्जा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"चौकोनी पाडा," तिनं बजावलं. "वेडंवाकडं काम माझ्या घरात चालत नाही."

त्यांनी दोरी धरून चौकोन आखून घेतला.

सासरी तांताला जायला तलअतनं टॅक्सीच्या टपावर गादी बांधली. "दर शुक्रवारी येईन, आई."

"ये. सासऱ्याला विचारून ये."

टॅक्सी वळली तशी ती वर गेली. तिसरा मजला झाडून काढला, खुर्ची नेली आणि उन्हाच्या चौकोनात बसली. ऊन सरकलं की तीही खुर्ची सरकवायची. संध्याकाळी चौकोन भिंतीवर चढू लागला, तेव्हा खुर्ची भिंतीला टेकली होती.