पोथीच्या पल्याड बसलेली

घडीचा तो लाकडी स्टँड मी माझ्या मानेसाठी घेतला होता. लग्नात सुटलेलं बी.ए. मी मुक्त विद्यापीठातून पुन्हा धरलं होतं, पण अभ्यासाला वेळ कुठला? भाकरी थापताना मिळेल तेवढाच. पुस्तक ओट्यावर आडवं, मी त्याच्यावर वाकलेली, पानापानावर पिठाची बोटं. उल्हासनगरला पडद्याचं कापड आणायला गेले, तेव्हा बाजूच्या दुकानात तो दिसला. एक फळी, मागे एक पाय, पाय अडकवायला खाचा, पुस्तक टेकायला खाली पट्टी, पानं उडू नयेत म्हणून दोन चिमटे. मिटला की पोळपाटाएवढा. दुकानदार सिंधी काका म्हणाले, "ले जा बेटा, गर्दन सीधी रख के पढ़. पास होके पेढ़ा खिलाना."

माझ्या मानेनं त्या काकांना पहिल्याच दिवशी आशीर्वाद दिला. डोळ्यासमोर उभं पुस्तक, दोन्ही हात पिठात मोकळे. भाकरी फुगली की मी एक परिच्छेद संपवायचे.

आमचं घर पालेगावात. चहूकडे टॉवर उठले, मध्ये आमची पडवी राहिली. माझे सासरे हरिचंद्रबाबा गावात श्रावणातली पोथी वाचतात. रोज संध्याकाळी एकेकाच्या घरी, महिनाभर. बाबांनी ओवी वाचायची आणि सगळा गाव भावजी म्हणतो त्या कमलेशभावजींनी तिचा अर्थ सांगायचा, ही आमच्याकडची रीत. एकदा लावलेली पोथी पुरी करायची, मध्ये खंड पाडायचा नाही.

काही वर्षांपूर्वी बाबांचा डावा हात लुळा पडला. वाचा शाबूत राहिली, हे देवाचं देणं. पण खाली मांडी घालून वाकता येईना, एका हातानं जाड पोथी धरून पान उलटता येईना. तेव्हापासून बाबा खुर्चीवर बसतात आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई काशी, त्यांच्यासमोर स्टुलावर बसून पोथी दोन्ही तळव्यांवर धरायच्या. आरतीचं ताट धरावं तशी, आडवी. बाबांचं बोट ओळीखालून चालायचं, आई बघत राहायच्या. दोन-दोन तास. कुणी म्हटलं, "काशीवयनी, हात दुखला असंल, मी धरू?" तर आई मान हलवायच्या. पोथीसमोरची जागा त्यांनी कधी कुणाला दिली नाही.

यंदा आषाढात आईंचा खांदा आखडला. अंबरनाथच्या डॉक्टरांनी बजावलं, "हात उचलून काही धरायचं नाही."

श्रावण तोंडावर आला होता. मग बाबांची नजर माझ्या ओट्यावर गेली.

"नूतन, तुझी ती घोडी पोथी पेललं का गो?"

मी स्टँड आणला, टीपॉयवर मांडला, पट्टीवर पोथी ठेवली, चिमटे लावले. बाबांनी एका हातानं पान उलटलं, मान ताठ ठेवून चार ओव्या वाचल्या आणि लहान मुलासारखे हसले. "काशे, सुटलीस तू! आता बस आरामात, ऐक."

आई समोर स्टुलावर येऊन बसल्या होत्या, सवयीनं. बराच वेळ स्टँडकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मना नुसती फली दिसतंय," आणि उठून आत गेल्या.

मला वाटलं, मी काही चुकीचं केलं. ज्या स्टँडवर पिठाच्या हातानं पुस्तक वाचलं, त्यावर पोथी ठेवली म्हणून रागावल्या असतील. मी तो धुऊन-पुसून हळद-कुंकू लावलं. आईंनी बघितलंसुद्धा नाही. दोन दिवस घरात भांडी जोरात आपटत होती.

तिसऱ्या दुपारी त्या तांदूळ निवडत होत्या. स्टँड देवघरात पोथीखाली, म्हणून माझं भूगोलाचं पुस्तक पुन्हा जमिनीवर आडवं. मी अलीकडे, त्या पलीकडे, मध्ये पुस्तक आणि सूप. खडा वेचता वेचता त्या स्वतःशीच गुणगुणत होत्या,

आगरात पिकं मीठ, उन्हाचा गो पाट
पोरीच्या नशिबा नाय, शालेची ती वाट

आईंचं माहेर खाडीकडचं, मिठागरातलं; शाळेचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. अशा ओव्या त्यांच्याकडे सूपभर. मी पुस्तकाचं पान उलटलं आणि त्यांची ओवी थांबली.

"मि-ठा-ग-रे," त्या म्हणाल्या. "या पुस्तकात आमची आगरा बी हायेत?"

मी पानाकडे बघितलं. वर ठळक अक्षरात तेच होतं. पण चित्र नव्हतं. मिठाचा ढीग नव्हता, फावडं नव्हतं. होती ती फक्त अक्षरं.

"आई, तुम्ही वाचलंत?"

त्यांनी सुपात तोंड घातलं.

"आई!"

"वरडू नको गो."

मी आनंदानं पुस्तक गरकन त्यांच्याकडे सुलटं फिरवलं. "पुढचं वाचा ना!"

त्या वाकल्या, डोळे बारीक केले. ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. "असा नाय येत. असा फिरवलास का सगली अक्षरा डोक्यावर उभी ऱ्हातान."

मग कळलं. इतके श्रावण त्या पोथीच्या पल्याड बसल्या. बाबांचं बोट अक्षराखालून जायचं, बाबांचा आवाज त्या अक्षराला नाव द्यायचा आणि आई पलीकडून, उलट्या बाजूनं, एकेक अक्षर उचलत गेल्या. त्यांची शाळा ती. ना पाटी, ना बाई. आणि मी आणलेल्या स्टँडनं ती शाळा बंद केली होती. आता पोथी बाबांकडे तोंड करून बसली, आईंकडे पाठ.

"बाबांना सांगू?"

"माज्या गल्याची शप्पथ हाय तुना. गाव हसंल. बोलतील, काशी शिकली ती बी उलटी."

शपथेनं माझं तोंड बांधलं. श्रावण लागला.

पहिलं वाचन ठमाबाईंकडे. त्यांच्या शेतावर टॉवर झाला, त्यातच त्यांना चौथ्या मजल्यावर घर मिळालं. लिफ्टमधून पोथी डोक्यावर घेऊन मी, काखेत स्टँड घेऊन कमलेशभावजी. हॉलभर बायका, उदबत्ती, पंख्याखाली कोण बसणार यावरून थोडी कुरबुर.

"वयनी, आज सुट्टी तुमाला!" कमलेशभावजींनी आईंना चिडवलं. "लाकडाची सवत आणली दादांनी."

बायका खळखळून हसल्या. आईसुद्धा हसल्या, पण पदर ओठांवर धरून. स्टूल तिथेच होतं. त्या बसल्या, फळीकडे बघत.

बाबांनी वाचायला घेतलं. स्टँड खंबीर, चिमटे घट्ट, पोथी जराही हलत नव्हती. राजा वनात निघाला. पुढची ओवी, राणीनं पाळणा हलवला. कमलेशभावजी अडखळले, तरी त्यांनी अर्थ लावला, "म्हणजे बघा मंडळी, राजा वनात गेला आणि मागं राणीला मूल झालं."

"एवढ्यात?" ठमाबाई म्हणाल्या. "आताच तर लगीन लागला!"

हशा उसळला. बाबांनी चष्मा सारखा केला, पुन्हा वाचलं. पुन्हा राजा वनात, पुन्हा पाळणा. मधली ओळ बाबांच्या नजरेतून निसटत होती. ओळीवरचं बोट चष्म्याकडे गेलं की नजर उडी मारायची. समोर आई स्टुलावर चुळबुळत होत्या. त्यांचे दोन्ही तळवे मांडीवर उताणे पडले होते आणि उजवा अंगठा हलत होता.

बाबा त्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"काशे," ते हळू म्हणाले, "आधी माजी वल सुटली का पोथी हालायची. मना वाटायचा, तुजा हात भरून आला. मी थांबायचो. मंग मना सुटलेली वल दिसायची."

आईंनी अंगठा मुठीत दडवला.

"दर येलंला कसा हात भरून यायचा गो? नेमका तवाच?"

मी आईंकडे बघितलं. शपथ माझ्यावर होती, त्यांच्यावर नव्हती.

"तुना वाचता येतंय?" बाबांनी विचारलं.

"येतंय," आई म्हणाल्या. आवाज पदरातून आला. "पन उलटा."

"उलटा म्हंजी?" ठमाबाई पुढे सरकल्या. मागे कुणीतरी फिसकन हसलं. आईंची मान खाली गेली.

बाबांनी उजव्या हातानं स्टँड धरला आणि टीपॉयवर सरकवत, खडखडत, आईंकडे तोंड करून फिरवला. मग चिमटे सोडले, पोथी उचलली, डोकं खाली पाय वर अशी फिरवली आणि पट्टीवर टेकवली. एका हातानं करताना पोथी दोनदा घसरली. मी उठायला लागले, तर त्यांनी नजरेनं मला बसवलं.

"दादा, आवो दादा!" कमलेशभावजी घाबरले. "पोथी उलटी मांडतात काय? देव कोपंल!"

"देव जिथं बसलाय तिथून त्याला कशी दिसतेय, तू बगितलीस?" बाबा म्हणाले. "ऱ्हाऊ दे. तिची तशीच सुलटी हाय."

फिसफिस थांबली. आईंनी पदर खांद्यावर सारला. ओळीखाली बोट ठेवलं, डावीकडे नव्हे, उजव्या टोकाला, आणि ते बोट उजवीकडून डावीकडे चालू लागलं.

"रा-नी नं... शि-दो-री..." सुटलेली ओळ. राणीनं शिदोरी बांधली, राजाला निरोप दिला, मग ऋतू सरले, मग कुठे पाळणा.

"आस्सं!" ठमाबाईंनी मांडीवर थाप मारली. "मी बोलले ना, एवढ्यात कसा?"

आई वाचत गेल्या. अडत, थांबत, एकेका शब्दाला ओलांडत, पाणंदीतून डोक्यावर भारा घेऊन चालावं तशा. कुणी घाई केली नाही. कमलेशभावजी अर्थ सांगायचे, आणि आई पुढची ओवी जुळवेपर्यंत जरा जास्तच लांबवायचे. त्या भल्या माणसाचे उपकार मी मनात धरले. स्टँडचे धरले, त्या सिंधी काकांचे धरले. माझी मान वाचवायला निघालेलं लाकूड कुणाला ताठ बसवून गेलं!

बाबा खुर्चीत मागे टेकले होते. लुळा हात मांडीवर, चांगला हात त्याच्यावर. उभ्या जन्मात त्यांनी पोथी वाचली होती, ऐकली कधी नव्हती. वाचणाऱ्याला कुणी कधी वाचून दाखवतं का? आई एका ओवीपाशी दम घ्यायला थांबल्या, तसे ते पुढे वाकले. ती कथा त्यांना तोंडपाठ होती. तरी डोळे मोठे करून त्यांनी विचारलं,

"मंग? फुडं काय झाला?"