मंद उजेडातली मोजणी

लुडविक सहा वर्षं आमच्या गावामागच्या गुहेत माणूसमासे मोजत होता. वीतभर लांबीचे, पांढरे, आंधळे जीव. आकडा दर वर्षी घसरे, आणि तो ल्युब्लियानाच्या संशोधकांना तसं कळवे. मी त्याची शेजारीण, मिलोय्का. टेलिफोनच्या कारखान्यात तीस वर्षं सोल्डरिंग केलेली.

एकदा कॉफी पिताना तो म्हणाला, "विजेरी लावली की पाण्यात नुसती सळसळ. दर वर्षी आधीपेक्षा लवकर पळतात, मासा दिसतच नाही."

"आंधळे ना ते? मग पळतात कशाला?"

"त्यांच्या कातडीला उजेड कळतो."

"म्हणजे आधी हाकलतोस आणि मग मोजतोस."

विजेरी सहा वर्षांपूर्वीचीच होती. बटण दाबलं की आधी झगझगीत पेटायची, मग मंद व्हायची. त्याने ती माझ्यापुढे ठेवली.

माझ्याकडे एक ड्रायव्हर होता, म्हणजे दिव्याला किती वीज द्यायची ते ठरवणारी नाण्याएवढी पट्टी. तो काजव्याएवढ्या उजेडापासून सुरू होई. पण पट्टी सतरा मिलिमीटरची आणि विजेरीतली खाच सोळाची. मी कानस घेऊन कड गोल गोल घासली. पट्टी बसली, दिवा मात्र लागेना.

"मेली?" लुडविकने विचारलं.

"तुझ्यापेक्षा बरी आहे."

भिंगातून पाहिलं. कडेचं तांब्याचं कडं मी घासून टाकलं होतं. विजेरीच्या अंगाला पट्टी जोडली जायची ती त्याच कड्याने. मग आतल्या बाजूचा हिरवा लेप खरवडला, खालचं तांबं उघडं केलं आणि त्यावर बारीक तारेचं नवं कडं सोल्डर केलं. दोन दुपारी गेल्या. तिसऱ्या दुपारी दिवा लागला, अगदी मिणमिणता.

शनिवारी तो गुहेत गेला. परतला तेव्हा बूट न काढताच दारात उभा राहिला.

"एकतीस," तो म्हणाला. "गेल्या वर्षी नऊ लिहिले होते."

मला आनंद झाला. त्याला झालेला दिसला नाही.

सोमवारी त्याने पत्र लिहिलं: सहा वर्षांचे आकडे धरू नयेत, मासे कमी झाले नव्हते, चूक माझ्या विजेरीची आणि माझी. ते टपालात टाकून तो माझ्याकडे आला.

"हसतील तुला," मी म्हटलं.

"हसू देत. आज विचार करत बसलो असतो तर उद्या लिहिलंच नसतं."

मी अक्रोडाचं सारण भरलेली गोड पावाची गुंडाळी कापली. त्याने दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा मागितला.