गिफ्टच्या पुस्तकातली नावं

चार वाजता निवडणुकीचं भरारी पथक येणार होतं, आणि त्याआधी मला एक खोटं पाठ करायचं होतं.

खोटं असं: विठ्ठलरावांच्या माणसानं मला रस्त्यात गाठलं, केजच्या दुकानातलं दिवाळी गिफ्टचं पुस्तक हातात दिलं आणि सांगितलं, यात वस्तीवरच्या बायांची नावं लिही, म्हणजे सुंदरराव मतांसाठी वस्तू वाटतायत असं दिसेल.

सुंदरराव पंचायत समितीला उभे होते. विठ्ठलराव त्यांच्याविरुद्ध. आणि मी, सुकन्या, शेळ्या राखणाऱ्या हरिबाची पोरगी. सुंदररावांच्या ओसरीत मी आणि माझा बाप खाली बसलो होतो. सुंदरराव खुर्चीत. त्यांचा पोरगा आदिनाथ दारापासून फाटकापर्यंत येरझाऱ्या घालत होता.

"म्हण परत," सुंदरराव म्हणाले.

"त्यो माणूस कसा दिसत होता, असं इचारलं तर?"

"अंधार होता म्हण."

"आमी तर दुपारी लिहिलंय."

"आमी न्हाई. मी म्हण."

बाप खाली बघत बोलला, "म्हण की, मालक सांगत्यात तसं."

त्याला तरी काय बोलू? सुगी झाली की आमच्या चाळीस शेळ्या सुंदररावांच्या रानात चरतात, त्यांच्याच हौदावर पाणी पितात. ते रान बंद झालं तर शेळ्या बाजारात नेऊन बांधायच्या, एवढंच उरतं. हे त्यांनी तोंडानं सांगितलं नाही. फक्त सकाळी विचारलं, "हरिबा, यंदा रान बरं हाय ना?"

खरं काय झालं ते सांगते. आचारसंहिता लागायच्या आधी एक दुकानदार ते पुस्तक ठेवून गेला, कार्यकर्त्यांना काय द्यायचं ते अण्णांनी, म्हणजे सुंदररावांनी ठरवावं म्हणून. अण्णांनी ते फेकलं, प्रियदर्शनी वहिनींनी उचललं. वहिनी म्हणजे आदिनाथची बायको. मी दुपारी त्यांच्याकडं धान्य निवडायला जाते. गुळगुळीत कागद, वर ‘दिवाळी गिफ्ट गाईड’, आत आईसाठी, साहेबांसाठी, नव्या सुनेसाठी अशी पानं. किंमत कुठंच नव्हती, दरासाठी फोन करा एवढंच. ते फार बरं झालं. किंमत नसल्यामुळं आम्हाला पहिल्यांदाच वस्तू नीट बघता आल्या.

पंधरा दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. नुसता खेळ: एका माणसाला एक वस्तू. वस्तूपुढं नाव लिहिलं की खोडायचं नाही, म्हणून लिहायच्या आधी भांडायचं. माझ्या चुलतीला, साखराबाईला, वहिनी विजेची किटली देत होत्या. मी म्हणलं, तिच्या खोपटात लाईट कुठंय? दोन दिवस घासाघीस चालली. शेवटी थर्मास दिला, शेळ्यांमागं घेऊन जाईल म्हणून. वहिनींच्या मांडीवर लेकरू असायचं, त्यामुळं लिहायची मी. माझं अक्षर चांगलं आहे. तेच नडलं.

वहिनींनी एका पानाचा फोटो कडा गावात दिलेल्या मावसबहिणीला, सायलीला पाठवला. हसायला. तो सायलीच्या नवऱ्यानं बघितला, मग गटागटांत फिरला, आणि चौथ्या दिवशी विठ्ठलरावांनी तक्रार टाकली. पानावर आमच्या वस्तीतल्या नऊ बाया, नऊ वस्तू. पथक यायचं त्या सकाळी आदिनाथनं ते पुस्तक न्हाणीच्या चुलीत घातलं. वहिनी तेव्हापासून आतच होत्या. लेकराला गप करायचा आवाज तेवढा येत होता.

जीप आली. एक साहेब उतरले, सोबत एक कॅमेरावाला. साहेबांनी पाणी नको म्हणून सांगितलं आणि मोबाईल माझ्यापुढं धरला.

"हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"लिहायला कुणी सांगितलं?"

सुंदरराव खाकरले. कॅमेऱ्याचा लाल दिवा माझ्यावर होता. एक वाक्य बोलायचं होतं, आणि रान आमचं राहत होतं. पण ते मी बोलले असते तर ते पंधरा दिवस विठ्ठलरावांचे झाले असते. थर्मासही त्यांचा.

"कुणीच न्हाई," मी म्हणाले. "मी आन् प्रियदर्शनी वहिनी, आमी दोघी बघत होतो."

"ए, घरच्या बाईचं नाव घ्यायचं न्हाई," आदिनाथ दात आवळून म्हणाला.

"तुम्ही थांबा," साहेब त्याला म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "बघत होता म्हणजे? वाटप कधी होतं?"

"वाटप न्हवतंच. काही घ्यायचंच न्हवतं."

कॅमेरावाला हसला. साहेबही हसले. "ताई, मला अजून चार गावं करायचीत. नावं लिहिली, वस्तू ठरवल्या, आणि नुसतं बघत होता? एवढा खटाटोप बिनकामाचा कोण करतं?"

"बाजारात बाई धा साड्या उलगडायला लावती आन् उठून जाती. तिच्यावर गुन्हा टाकता का?"

बापानं माझ्या पायाला हात लावला. मी पाय बाजूला घेतला.

"पुस्तक कुठंय?"

"हरवलंय साहेब," आदिनाथ म्हणाला.

"जाळलंय," मी म्हणाले.

सुंदररावांनी डोळे माझ्यावर ठेवले ते काढले नाहीत.

"मग तुमचं खरं कसं मानू?" साहेब म्हणाले.

"फोटोत एकच पान हाय. बाकीची पाठ हायत मला. लिहा. पान दोन, पाय दाबायचं मशीन, विठ्ठलरावांच्या मालकीणबाईंना."

साहेबांचं पेन थांबलं. "कुठले विठ्ठलराव?"

"तक्रार केली तेच. त्यांच्या बायकोचे पाय सुजत्यात. प्रचाराच्या पंगती तीच वाढती. पान तीन, मानेची उशी, जीपवाल्या बद्रीनाथला, गाडी चालवताना डुलक्या घेतो म्हणून. पान पाच, चॉकलेटचा डबा, माझ्या आजीला. ती जाऊन सहा वर्षं झाली."

"मेलेल्या बाईला?"

"मग ती मत द्यायला येती का?"

साहेबांनी वहीचं पान उलटलं. लिहू लागले.

"पान सहा, अत्तराची बाटली, आमच्या बोकडाला. पान सात, चहाचे मग—"

"सातवर न्हाई, आठवर."

वहिनी उंबऱ्याच्या बाहेर उभ्या होत्या, लेकरू कडेवर. पदर डोक्यावर होता, पण मान वर.

"सातवर समई होती," त्या म्हणाल्या. "ती कुणालाच दिली न्हाई. दोघींनाबी पाहिजे होती."

"आत जा," आदिनाथ म्हणाला.

"आठवर सहा मगांचा सेट. तो हिनं घेतला. म्हणती, पाहुणे आले तर. मी म्हणलं, तुझ्याकडं सहा पाहुणे कधी आलेत गं?"

"माझ्या भावाच्या सोयरिकीला आलते," मी म्हणाले.

"चौघं आलते. दोघं जीपमधीच बसले."

"प्रिया, आत जा म्हणलं ना."

वहिनी गेल्या नाहीत. नववं पान, दहावं पान. साहेब लिहीत होते, मध्येच माझ्याकडं आणि मध्येच वहिनींकडं बघत होते. बाराव्या पानाला त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आणि उमेदवाराला काय दिलं?"

माझं धाडस तिथं संपलं. मी खाली बघितलं.

"मामांसाठी लई शोधलं," वहिनी म्हणाल्या. "एक पान होतं. ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांच्यासाठी."

"मग?"

"ते आमी पलटलं."

साहेबांनी दोघींचा जबाब वाचून दाखवला, सह्या घेतल्या. बोकडाचं अत्तरही त्यात आलं होतं. "वर पाठवतो," म्हणाले. "यात वाटपाचं काही दिसत नाही मला." जीप गेली.

सुंदररावांची उमेदवारी आम्ही वाचवली होती. त्यांचं खोटं पकडलं गेलं असतं तर ती गेली असती, हे त्यांना कळतही होतं. तरी ते उठले आणि अगदी सावकाश म्हणाले, "हरिबा, उद्यापासून शेळ्यांचं दुसरीकडं बघ." खोटं फसलं ते त्यांना चाललं असतं. सून चारचौघांत बोलली, ते चाललं नाही. आणि सुनेला रानातून काढता येत नाही, म्हणून आम्हाला काढलं. आदिनाथनं वहिनींचा फोन मागितला. त्यांनी दिला, माझ्याकडं बघत.

आम्ही निघालो. बाप पुढं, मी मागं. शिव्या देईल म्हणून मी अंतर ठेवून चालत होते. उद्या सकाळी चाळीस तोंडं सोडायची कुठं, हे त्याच्या पाठीवरूनही दिसत होतं.

ओढ्यापाशी तो थांबला.

"मला काय दिलतं?"

"बॅटरी," मी म्हणाले. "डोक्याला बांधायची."

"किती येळ चालती?"

"आठ तास लिहिलंतं."

"पावसात?"

"पावसातबी."

तो थोडा वेळ चालला.

"पट्टा कशाचा?"

"रबराचा दिसत होता."

"रबर उन्हानं जातं," बाप म्हणाला. "कापडी न्हवता का त्यात?"