भट्टीबाबाची सळई

१९७४ साल. ताईच्या धाकट्या भावाच्या कारखान्यापुढे ही गर्दी! भट्टीबाबाने लालभडक सळई पाण्याच्या हंड्यात बुडवली, ओठ पुटपुटले आणि तिच्यावर कानस फिरवली. कानस घसरली, चरासुद्धा उमटला नाही.

"लोखंडाचं मन वळवलंय मी!" बाबा गरजला. "आता जन्मात झिजणार नाही."

भावाच्या खडी फोडायच्या यंत्राच्या पिना सारख्या झिजत. तो हरखून गेला. ताई तंत्रशाळेत शिकवायची. ती म्हणाली, "अरे, मिश्र पोलादाची सळई घे, तेलात विझव, मग मंद आचेवर पुन्हा तापव. त्याने चिवटपणा येतो. नुसती कठीण पिन काचेसारखी फुटते."

"तुझी भट्टी फळ्यावरच पेटते, ताई!" भाऊ हसला, वहिनीही हसली. त्या घरातलं ते शेवटचं मोकळं हसू.

बाबाच्या सळईची पिन यंत्रात बसली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या ठिकऱ्या उडाल्या. भावाचे दोन्ही डोळे गेले.

बाबा दारात येऊन म्हणाला, "श्रद्धा कमी पडली रे तुझी." पट्ट्या बांधलेल्या भावाने मान खाली घातली. ते मात्र ताईला सोसवेना.

तिने कारखान्यापुढच्या त्याच अंगणात तीच गर्दी जमवली आणि खिडकीचा एक जुना गज बाबापुढे धरला. "आज सळई माझी."

"ही अपवित्र आहे."

"मग वळवा की तिचं मन!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

बाबाने गज तापवला, बुडवला, मंत्र पुटपुटला. कानस कर्रकन रुतली. मग ताईने बाबाचीच सळई तापवून मुकाट्याने बुडवली. कानस घसरली.

"गुण पोलादाचा आहे, मंत्राचा नाही. साध्या लोखंडात कर्ब कमी, ते असं कठीण होतच नाही. म्हणून बाबा सळई घरून आणतात."

तिने त्या सळईवर हातोडा मारला. खळ्ळकन तुकडे झाले. बाबाचीच दुसरी सळई तिने तशीच बुडवली, मग पुन्हा मंद तापवून, निववून ठोकली. टण्ण!

"ताई, हा आवाज कसला?" भावाने विचारलं.

"पुन्हा तापवलेल्या सळईचा. तुटली नाही बघ."

बघ म्हणाली आणि तिने जीभ चावली.

"पुन्हा तापवायचं, एवढंच राहिलं होतं?" भाऊ म्हणाला.

बाबा त्याच संध्याकाळी गाव सोडून गेला. पुढे कुठेतरी त्याने नवा हंडा मांडला म्हणतात. कारखाना वहिनीने चालवला. भाऊ मरेपर्यंत दाराशी बसून प्रत्येक नवी पिन ठोकून ऐकायचा. ताई आता थकली आहे, पण येईल त्याला एकच सांगते: चमत्कार दाखवणाऱ्याच्या हाती आपली वस्तू द्या, मग म्हणा, करून दाखव. आणि डोळे शाबूत आहेत तोवर नीट पाहून घ्या.